न्यू जर्सीची ७ वर्षं वाया नाही गेली

मावसभाऊ न्यू जर्सीत ७ वर्षं नोकरी करून टोरांटोला शिफ्ट झाला, आणि इतकी वर्षं पगारातून कापलेला सोशल सिक्युरिटी टॅक्स (तिथल्या सरकारी पेन्शनसाठीचा) बुडाला असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो, कारण अमेरिकेत पेन्शनला ४० क्रेडिट लागतात (कामाच्या वर्षाला जास्तीत जास्त ४) म्हणजे साधारण १० वर्षं आणि याची क्रेडिट जेमतेम २८.

पण अमेरिका आणि कॅनडाचा १९८४ पासून करार आहे हो! अमेरिकेची किमान ६ क्रेडिट असली की कॅनडा पेन्शन प्लॅनमध्ये पैसे भरलेली वर्षं त्यात मिळवून पात्रता ठरते. पैसे एकत्र होत नाहीत, अमेरिका फक्त तिथल्या कामाच्या हिशोबाने देते, कॅनडा आपलं वेगळं देतो. मला हे फार न्याय्य वाटतं, घाम गाळला तिथला हक्क तिथे.

असाच भारत-कॅनडा करारही २०१५ पासून लागू आहे. अमेरिकेशी मात्र आपला अजून करारच नाही, त्यामुळे १० वर्षांच्या आत परत येणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांचे पैसे तिथेच राहतात, याचं खरंच वाईट वाटतं. तिकडून निघताना सोशल सिक्युरिटीचं स्टेटमेंट डाऊनलोड करून ठेवा, प्लीज.