मुठीतली विडी

आमचा आजो विडी मुठीत धरून ओढायचा. पेटतं टोक तळहाताकडे, त्यावर चार बोटांचं छप्पर आणि अंगठ्याच्या आडून झुरका. रात्री लाइट गेली की खळ्यात बसलेला आजो विडीच्या वासाने कळायचा, ठिणगी कधी दिसली नाही. उजव्या तळव्याच्या मधोमध एक पिवळट-काळा डाग होता. आम्हां पोरांना ती जन्मखूण वाटायची.

थोटकंसुद्धा तो टाकत नसे. चुरगाळून, विझल्याची खात्री करून पत्र्याच्या एका डब्यात ठेवी. आजी म्हणायची, "ह्येचा सगळा जगापरास उफराटा."

उफराटं नव्हतं ते. दुसऱ्या महायुद्धात आजो मालवाहू बोटींवर सुकाणी होता. वेंगुर्ल्याकडची, मालवणाकडची कितीतरी माणसं तेव्हा बोटीवर. कुणी खलाशी, कुणी टिंडल (सारंगाच्या हाताखालचा), इंजिनाच्या पोटात असेल तर आगवाला किंवा तेलवाला, आणि नशीब फळफळलं तर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. (तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला.) काफिल्यातल्या बोटी रात्री एकही दिवा न लावता चालत. सगळ्या खिडक्या बंद, आणि सुकाण्यासमोर फक्त होक्याचा, म्हणजे होकायंत्राचा, मिणमिणता उजेड. पाणबुडीला चकवायला ठरल्या वेळी दिशा बदलायची, पुन्हा बदलायची, आणि शेजारच्या बोटीला धडकायचं नाही. तिचाही दिवा विझलेलाच. कचरा दिवसा समुद्रात टाकायचा नाही, तरंगणाऱ्या कचऱ्यावरून माग लागतो. "इडी ओढूची, पण इस्तव दाखवूचो नाय," एवढंच आजोने आम्हांला कधीतरी सांगितलं. युद्धाचं त्याचं सगळ्यात लांब भाषण हेच.

आम्हांला अर्थात तोफा हव्या होत्या. शाळेत गुरुजींनी 'बेंगाल'ची गोष्ट सांगितली होती. ११ नोव्हेंबर १९४२, हिंदी महासागर, सोबत 'ओंडिना' नावाची डच तेलबोट, आणि समोर दोन मोठ्या जपानी बोटी. रॉयल इंडियन नेव्हीच्या त्या चिमुकल्या बोटीवर मोठी अशी एकच तोफ, तरी एक जपानी बोट बुडाली. मी धावत घरी आलो आणि विचारलं, आजो, तू होतास त्या बोटीवर? आजो वाल सोलत होता. "नाय रे. आमच्या बोटीर कोळसो होतो." आणि परत वाल.

बोटीवरची भाषा मात्र घरात मोकाट फिरायची. विहिरीवर पाणी काढताना तो कठड्यापाशी उभा राहून हुकूम सोडी. "आर्या!" म्हटलं की कळशी खाली सोडायची, "हबेस!" म्हटलं की ओढायची. माझी धाकटी आत्या लग्न होऊन सावंतवाडीला गेली आणि तिथल्या विहिरीवर पहिल्याच दिवशी "हबेस" म्हणाली, तेव्हा सासूला वाटलं सुनेला काहीतरी चावलं. पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर गोदीत क्रेनखाली उभ्या मुकादमाच्या तोंडून तेच दोन शब्द ऐकले आणि क्षणभर आमच्या विहिरीचा गारवा आला.

पगाराचं तो बोलत नसे. ब्रिटिश व्यापारी बोटींवर तेव्हा साधारण चारांतला एक माणूस हिंदी होता, आणि त्याचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. १९३९ च्या शेवटी हिंदी खलाशांनी ठिकठिकाणच्या बंदरांत काम बंद पाडलं. आजो त्यांत होता की नाही, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

१४ एप्रिल १९४४ चं तेवढं सांगायचा. पुढच्या बोटीची वाट बघत माझगावला गाववाल्यांच्या खोलीवर पडून होता. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन'ला आग लागली होती. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, असा संसार एकाच बोटीत कुणी मांडला देव जाणे. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि खोलीतली भांडी फळीवरून खाली आली. सोनं उडून लांबलांबच्या घरांवर पडलं, हे सांगताना आजो हसायचा. "माझ्या पुढ्यात काय इला, तर अर्धा जळलेला कापसाचा बोंड." आग विझवायला गेलेल्या बंबवाल्यांचा विषय निघाला की हसणं थांबायचं.

एकदा मुंबईला आला असताना म्हणाला, मशीद बंदरला चल. तिथे खलाशांचं जुनं वसतिगृह आहे आणि त्यात दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्यांच्या नावांची वही. नौदलातले चारशेहून जास्त, व्यापारी बोटींवरचे जवळजवळ सहा हजार. शेजारच्या वाडीतला त्याचा एक सोबती होता, एकाच दिवशी दोघांनी घर सोडलं होतं. आजोने नाव सांगितलं, मी पानं उलटली. त्या नावाचे तिघे निघाले. आजोने तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, बोटीचं नाव आठवतं का, म्हणजे नक्की कोणता ते कळेल. "ऱ्हवांदे," तो म्हणाला, "तिघांकय नमस्कार कर."

बाहेर रस्त्यावर रणरणतं ऊन. हातगाड्या, ट्रक, हमालांची हाकाटी. आजोने विडी पेटवली आणि मूठ झाकली.

तो गेला त्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही घर शाकारायला काढलं. माळ्यावरून तो पत्र्याचा डबा खाली आला, थोटकांनी गच्च भरलेला. मी तो उकिरड्यावर रिकामा करायला निघालो होतो.

"दिवसाउजेडी खंय टाकतंस?" आजी म्हणाली. "रात होवंदे."