हम्प्टा पास ओलांडायचा दिवस: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

येऊर, मामा-भाचे डोंगर, खारघरची टेकडी, अधूनमधून कळसूबाई. इथला ट्रेकर पायांनी तयार असतो. पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे विरळ हवेचा सराव इथे होऊच शकत नाही. फिटनेस उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट दमदार माणूसच सुरुवातीला पळतो आणि दुपारी ढेपाळतो.

हिमाचलमधल्या हम्प्टा पास ट्रेकमध्ये बालू का घेरा कॅम्पवरून पास ओलांडून शिया गोरू कॅम्पला उतरायचा दिवस सगळ्यात लांबचा, सहज आठ-नऊ तासांचा. पास सुमारे ४,२७० मीटरवर आहे. तिथे हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. शरीर हे भरून काढतं ते जास्त वेळा श्वास घेऊन.

म्हणून वेग श्वासावरून ठरवा. चालताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा, पण लगेच बसू नका. खड्या चढणीवर मागचा पाय गुडघ्यात सरळ करून वजन त्याच्यावर टाका, क्षणभर थांबा, मग पुढचं पाऊल. स्नायूंना दर पावलाला जरा विसावा मिळतो. तासाभराने पाच मिनिटं थांबणं पुरे. जास्त वेळ बसलात की घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते.

त्यासाठीच कॅम्पवरून निघताना जाकीट काढून सॅकमध्ये वरच ठेवा. पहिली दहा मिनिटं थंडी वाजेल, वाजू द्या. सुती टीशर्ट इथे नकोच. तो भिजला की वाळत नाही.

उंचीवर भूक मरते. जेवणाच्या वेळेची वाट पाहिली तर काहीच खाल्लं जात नाही. दर अर्ध्या तासाला दोन खजूर, चिक्कीचा तुकडा किंवा अर्धा राजगिऱ्याचा लाडू, खिशातूनच. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी, त्यातलं लिटरभर ओआरएस घालून. घटाघटा पिऊ नका, घोट-घोट प्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, अन्नावर वासना नाही: हा उंचीचाच त्रास आहे असं धरा. ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका आणि त्या अवस्थेत आणखी वर चढू नका. चालताना तोल जात असेल तर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून सरळ रेषेत चालायला सांगा. जमत नसेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर फुप्फुसांत पाणी झालं असण्याची शक्यता आहे. दोन्हींत ताबडतोब खाली उतरवायचं, रात्र असली तरी, आणि एकट्याला कधीच नाही. ऑक्सिजन असेल तर लावा, पण त्यासाठी उतरणं लांबवू नका. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, ते आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना जरूर सांगा. गोळी घेतली म्हणून वर चढायची मुभा मिळत नाही.

पासवरून शिया गोरूकडचा उतार तीव्र आहे. सुरुवातीच्या हंगामात तिथे बर्फ, नंतर मोकळे दगड आणि घसारा. थकलेले पाय इथेच मुरगळतात. काठ्या पाच-दहा सेंटिमीटर लांब करा, घोट्याजवळची लेस घट्ट बांधा म्हणजे बोटं बुटाच्या टोकाला आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधीच कापा. सराव करताना टॉवरचे जिने चढून लिफ्टने खाली येणारे बरेच जण दिसतात. उतरण्याचाही सराव करा, मांड्यांचे स्नायू त्यानेच तयार होतात.

दुसऱ्या दिवशी छत्रूला उतरल्यावर बहुतेक ग्रुप गाडीने चंद्रताल तलावाला जातात. चंद्रताल पुन्हा ४,२०० मीटरच्या वर आहे. आदल्या दिवशीची डोकेदुखी पूर्ण गेली नसेल, तर त्या गाडीत बसू नका.