बुटांची किंमत

रविवारी हरिहर गडाच्या पायऱ्यांवर नाशिकच्या सीबीएस बसस्टँडपेक्षा जास्त गर्दी असते, म्हणून आम्ही शनिवारी निघालो. जुलै महिना, त्र्यंबक सोडलं आणि पावसाने जे झोडपायला सुरुवात केली की गड राहिला बाजूला, पायथ्याच्या एका पाड्यावर दिसेल त्या पत्र्याखाली घुसलो. ती निघाली झेडपीची शाळा. पाड्याचं नाव लिहीत नाही, उगाच लोक बिस्किटं वाटायला जातील (आम्ही पण नेलीच होती म्हणा).

शनिवार असल्याने सकाळची शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं: पट 23, हजर 11. मी विचारायच्या आधीच गुरुजी म्हणाले, आवणी चालूय ना. म्हणजे जरा हाताशी आलेली पोरं भातलावणीला, उरलेली इथे. तिसरीतली एक मुलगी मांडीवर दोनेक वर्षांचा भाऊ घेऊन पाढे लिहीत होती, तो तिची पेन्सिल ओढतोय, ती न बघताच सोडवून घेतेय. हा गडी पटावर नाही पण खिचडीच्या रांगेत पहिला. गुरुजींनी त्याच्यासाठी वेगळी छोटी ताटली ठेवलीय.

चौथीनंतर काय, विचारलं. आश्रमशाळा, म्हणाले, तिथेच राहायचं. आदिवासी विकासचं आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे, मी रोज त्या भागातून जातो, पण दहा वर्षांचं पोरगं पेटी घेऊन घर सोडतं हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. गुरुजी मधेच मोबाईल घेऊन समोरच्या टेकाडावर गेले, ऑनलाइन हजेरी भरायला, रेंज तिथेच येते. छत्री उलटी झाली तरी भरून आले.

तेवढ्यात दाराशी काढलेल्या माझ्या बुटांभोवती तीन पोरं बसलेली. एकाने तळवा दाबून बघितला.
"केवढ्याचे?"
बेचाळीसशेचे होते. मी म्हटलं, पाचशेचे.
तरी पण त्याने डोळे मोठे केले. "आमच्या दादाचे पिलास्टिकचे हायेत, दीडशेचे. ते नाही घसरत."

पाऊस उघडल्यावर गडाकडे निघालो. शाळा दिसेनाशी व्हायच्या आतच दोनदा आपटलो, आणि दोन्ही वेळा आधी मागे वळून बघितलं.