हीटर चालू झाला एकदाचा!

कॅल्गरीच्या थंडीत आमच्या जुन्या गाडीचा ब्लोअर नुसता ओरडायचा, हवा मात्र कोमट. हीटरचा कोअर (इंजिनाच्या गरम कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर, हवा तापवणारा छोटा रेडिएटर) बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरीच डोळे पांढरे करणारी. म्हटलं, आधी आपण बघू.

इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीसारखा मध्यावर येत होता, म्हणजे थर्मोस्टॅट (ते तापमान राखणारा व्हॉल्व्ह) ठीक. इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही पाइप चाचपले. एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. कोअर तुंबलाय!

आज चिनूक (डोंगरावरून येणारा उबदार वारा) सुटला, पारा शून्याच्या वर आला, तेवढ्यात उरकलं. गार इंजिनावर पाइप सोडवून उलट्या बाजूने पाणी सोडलं, अगदी कमी प्रेशरने. आधी कोऱ्या चहासारखं तांबूस, मग गाळ, मग स्वच्छ. आत उरलेलं पाणी फुंकून काढलं, नाहीतर नवा कूलंट पातळ होऊन गोठायचा. (जुना बादलीत धरा हं. गोड असतो, कुत्र्या-मांजरांनी चाटला तर जिवावर बेततं.)

खरा वेळखाऊ प्रकार नवा कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढण्याचा. गाडीचं तोंड चढावर, हीटर फुल, बुडबुडे थांबेपर्यंत ताटकळत बसायचं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अरे, जरा कमी कर ना, उकडतंय!"