तांबडी तबकडी, पांढरी तबकडी

जमीनमोजणीच्या कामात माझी पहिली दोन वर्षं स्टाफ, म्हणजे मोजणीची काठी, धरण्यातच गेली. त्यामुळे ब्राझीलमधली एक अनोळखी नदी मोजणाऱ्या १९१४ च्या मोहिमेबद्दल वाचताना माझी नजर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर नाही, त्यांच्या मुलाच्या, कर्मिटच्या हातातल्या काठीवर खिळली.

ब्राझीलच्या जंगलातली रिओ दा दूविदा, म्हणजे शंकेची नदी. ब्राझीलच्या लष्करातले कर्नल कांदिदो रोंदोन यांना १९०९ मध्ये तारायंत्राची लाइन टाकताना तिचा उगम सापडला. पुढे ती कुठे जाते, हे कुठल्याच नकाशात नव्हतं. २७ फेब्रुवारी १९१४ ला रूझवेल्ट, रोंदोन धरून २२ माणसं खोडं कोरून केलेल्या ७ होड्यांतून निघाली.

कर्मिट सगळ्यांत पुढे. काठीवर दोन तबकड्या, एक तांबडी, एक पांढरी, मधे बरोबर एक मीटर. दर वळणावर काठावर उतरायचं, फांद्या छाटायच्या, काठी उभी धरायची. मागच्या होडीतून रोंदोन यांचे सहायक लेफ्टनंट लीरा त्या तबकड्यांवरून अंतर काढणार, रोंदोन होकायंत्रावर दिशा घेऊन वहीत टिपणार. पहिल्या अर्ध्या दिवसात कर्मिट जवळपास शंभर वेळा उतरला आणि मोजून झाली जेमतेम सव्वानऊ किलोमीटर नदी! स्टाफ धरलेल्या माणसाला हा आकडा दंडात जाणवतो.

पण स्टाफची होडी पुढची, म्हणून खळाळात पहिली जाणारीही तीच. १५ मार्चला पुढची वाट शोधायला गेलेली कर्मिटची होडी भोवऱ्यात सापडली आणि खाली फेकली गेली. कर्मिट वाचला, एक वल्हेकरीही वाचला. दुसरा, सिंप्लिसियो, सापडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी रोंदोन यांचा कुत्रा लोबो बाणांनी मेला. रोंदोन स्वतः आदिवासी रक्ताचे. 'वेळ आली तर मरू, मारणार कधीच नाही', हा त्यांचा नेम. त्यांनी तिथे बाण मारणाऱ्यांसाठी भेटी ठेवल्या. या माणसापुढे मी मनापासून हात जोडतो.

पुढे रूझवेल्ट यांचा पाय चिघळला, ताप चढला. मला इथेच सोडून जा, म्हणाले. मुलानं ऐकलं नाही. एप्रिलअखेर ते बाहेर पडले, तोवर एका माणसाचा खून झाला होता आणि खुनी जंगलातच राहिला होता.

नदीला आता रूझवेल्ट यांचं नाव आहे. सिंप्लिसियो बुडाला तिथे मात्र त्याच्या सोबत्यांनी एक खूण उभी केली होती. तिच्यावर लिहिलं होतं, या खळाळात बिचारा सिंप्लिसियो गेला.