नोंद करायचा कंटाळा

रविवार, रात्री

आजही नोंद करायचा कंटाळा आला होता. केली.

केस उपटणं, कातडी सोलणं थांबवायला ऑनलाइन स्वयंमदतीचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा वाटलं होतं, रोज काहीतरी नवं शिकायला मिळेल. तसं काही नसतं. जे सांगायचं ते पहिल्या काही दिवसांत सांगून होतं आणि मग उरतो तक्ता. वेळ, जागा, कोणता हात, ओढ दहापैकी किती, आधी काय चाललं होतं, नंतर कसं वाटलं. असल्या कार्यक्रमांतून अर्ध्यावर गळणारे पुष्कळ असतात म्हणे. मला त्याचं जराही नवल वाटत नाही.

माझ्याकडे दोन्ही आहे, टाळूवरचे केस उपटणं आणि अंगठ्याच्या कडेची कातडी सोलणं. शाळेपासूनचं. चाई पडली असं समजून घरच्यांनी कांद्याचा रस चोळला, तेलं बदलली. खरं कळल्यावर ‘जरा मनावर ताबा ठेव’ सुरू झालं. १८८९ साली फ्रान्समधल्या हालोपो नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने केस उपटण्याला ट्रायकोटिलोमॅनिया हे नाव दिलं, हे वाचून मला चक्क बरं वाटलं होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही लोक दार लावून हेच करत होते. कातडी कोरण्याला मात्र अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र जागा मिळायला २०१३ उजाडलं. तोवर ती नुसती वाईट सवयच.

तक्त्यामागची पद्धत १९७३ची, अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची. आधी हात कधी वर जातो ते पकडायचं, मग त्या हाताला असं काम द्यायचं की ते आणि उपटणं एकावेळी जमू नये. मूठ आवळायची, ओढ ओसरेपर्यंत धरून ठेवायची. ऐकायला अगदीच बाळबोध. मीटिंगमध्ये मूठ आवळून बसलं की समोरच्याला वाटतं आपण चिडलोय, ते वेगळंच. हॅम्बुर्गच्या मोरिट्झ या मानसशास्त्रज्ञांची दुसरी एक युक्ती आहे. हात नेहमीसारखा डोक्याकडे जाऊ द्यायचा आणि ऐनवेळी झटक्यात दुसरीकडे वळवायचा, कानाच्या पाळीकडे वगैरे. ती मला एकटी असतानाच जमते. लोकांत केली तर माशी हाकलतेय असं वाटतं.

तक्त्याने एक गोष्ट मात्र उघडी पाडली. मी सगळ्यांना सांगायचे, टेन्शन आलं की होतं. नोंदी पाहिल्या तर टेन्शनच्या दिवशी उपटणं बेताचंच. खरा घात रविवारी दुपारी. जेवण झालेलं, पलंगावर आडवी, डाव्या हातात मोबाइल आणि उजवा हात मोकळा. बोटं आपापली फिरतात, एखादा राठ, वेडावाकडा केस सापडतो, तो इतरांत शोभत नाही असं वाटतं आणि खसकन बाहेर. मग मुळाशी असलेला तो पांढुरका ओला भाग ओठावरून फिरवायचा. हे कुणाला तोंडाने सांगणं मला अजून जमलेलं नाही, तक्त्यात लिहिता येतं. (केस गिळणाऱ्यांनी मात्र तक्त्यावर न थांबता डॉक्टर गाठावा, पोटात केसांचा गोळा होतो.) गंमत म्हणजे हे धडेही मी अशीच आडवी पडून वाचायचे, आणि वाचता वाचता हात डोक्यात! आता ते कॉम्प्युटरवरच उघडते, दोन्ही हात कीबोर्डवर.

आरशासमोरचं वेगळं. तिथे ठरवून, निरखून, वेळ काढून होतं. त्याला मूठबिठ पुरत नाही. बाथरूमचा पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावला, नखं बारीक ठेवते, अंगठ्याला चिकटपट्टी. एवढ्यावर भागतं, नेहमी नाही.

दिवस मोजणारी ॲप मी काढून टाकली. एक केस उपटला की आकडा शून्यावर, आणि शून्य दिसलं की हात म्हणतो, आता काय उरलंय, होऊन जाऊ दे. तक्त्यात शून्य नसतं. उपटला तर तीही एक ओळच.

पर्यायी कामांच्या यादीत चेंडू दाबा, मणी ओढा असलं लिहिलंय. माझ्या चिमटीला ते पटेना, तिला बारीक, खरखरीत, ओढण्याजोगं काही हवं असतं. सापडलं ते घरातच. सासूबाई दुपारी वाती वळतात. कापूस पिंजायचा, सरकीचा कण बोटाला लागला की वेचून टाकायचा, चिमटीत धागा ओढत तळहातावर पीळ द्यायचा. तीच दोन बोटं, तीच हालचाल. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा त्यांनी विचारलं, “अगं, तुला कुठून आली एवढी देवाची आठवण?” मी सांगून टाकलं. त्या माझ्या टाळूकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग जाड वळू नकोस, तेल फार पितात.” सल्ला नाही, उपदेश नाही. आज दुपारी कापसाचा डबा माझ्या पलंगावरच ठेवलेला होता.

आजच्या नोंदी: दुपारी ओढ सात, केस गेले थोडे. संध्याकाळी ओढ चार, वाती.

कार्यक्रमाचा पुढचा भाग घसरण्याच्या तयारीचा आहे. कोणते दिवस अवघड जातील ते आधीच लिहायचं आणि त्यापुढे उपाय. मी पहिलं लिहिलं मार्च एंड. ऑफिसात वाती वळता येणार नाहीत, तिथे काय करायचं ते उद्या डब्याच्या वेळात ठरवते.