न किडलेल्या दाताची शस्त्रक्रिया

वरच्या सुळ्याच्या अलीकडचा माझा दात दिसायला धडधाकट होता. कीड नाही, कधी मार लागलेला नाही. तरी त्याच्यावर हिरडीला पुटकुळी यायची, फुटून पू जायचा, की थोड्या दिवसांनी पुन्हा हजर. रूट कॅनल झालं, पण फरक पडेना. मग "काढा आणि इम्प्लांट बसवा" असं सांगण्यात आलं. दुखत नसलेला दात काढायचा, हे मनाला पटेना.

गंगापूर रोडवरच्या एंडोडॉन्टिस्ट (दाताच्या आतल्या आणि मुळांच्या उपचारांच्या तज्ज्ञ) मॅडमनी आधी सीबीसीटी, म्हणजे दाताचं त्रिमितीय चित्र दाखवणारा स्कॅन करायला लावला. खर्चाचं जिवावर आलं होतं, पण खरा उलगडा तिथेच झाला. साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक दिसतं. इथे दाताच्या आत जणू दुसरा दात होता. दात घडताना, तो कठीण होण्याआधीच इनॅमल (दाताचं कठीण बाह्य आवरण) तयार करणारा थर आत दुमडतो. याला डेन्स इन्व्हॅजिनेटस म्हणतात आणि वरच्या नेमक्या याच दातात तो जास्त आढळतो. दंततज्ज्ञ ओहलर्स यांनी १९५७ साली त्याचे तीन प्रकार पाडले. माझा तिसरा, सगळ्यांत किचकट: घडी मुळापर्यंत जाऊन स्वतःच्या वेगळ्या छिद्रातून बाहेर पडते. दाताच्या मागच्या खळग्यातून जंतूंना थेट हाडापर्यंत वाट! अशा वेड्यावाकड्या पोकळीत फाइल (रूट कॅनल साफ करायची बारीक सुई) सगळीकडे पोचत नाही.

मॅडमनी आधी आतून जमेल तेवढी सफाई केली, मग शस्त्रक्रिया. भूल फक्त तेवढ्या भागाला, त्यामुळे मी पूर्ण जागी. हिरडी बाजूला करून हाडाला छोटी खिडकी, आतला खराब भाग खरवडला, मुळाचं टोक सुमारे ३ मिलिमीटर कापलं आणि मायक्रोस्कोपमधून बघत उलट बाजूनं एमटीए (मूळ बंद करणारं खास सिमेंट) भरलं. दुखलं नाही; कानाजवळचा मशीनचा आवाज मात्र नकोसा.

दुसऱ्या दिवशी ओठ असा सुजला की आईनं दारातच "अगं बाई!" केलं. बर्फ, मऊ भात, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा. टाके बघायला ओठ वर उचलायचा नाही, ते ताणले जातात, अशी सक्त ताकीद होती. मोह फार होतो.

पुटकुळी पुन्हा आली नाही. सहा महिन्यांच्या एक्स-रेत मुळाजवळचा काळा डाग लहान झालाय, पण हाड पूर्ण भरायला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं. हा दोष पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून मॅडमनी पलीकडचा जोडीदार दातही तपासला. तिथेही बारीक खळगा निघाला. तो तेव्हाच सील केला.